खालच्या बाईचं बटण

खालची बाई खुर्चीवरून घसरली ती सरळ फरशीवर. हातातला कप फुटला नाही, घरंगळत फ्रिजखाली गेला. तिच्या तोंडाची उजवी बाजू लोंबत होती. ती मला काहीतरी सांगत होती, पण त्यात शब्द नव्हता, नुसता आवाज होता. मी तिच्या काखेत हात घालून उठवायला गेले. जड बाई, हलली नाही. मग तिनेच डाव्या हाताने गळ्यातलं बटण चाचपलं आणि दाबलं.

कपाटावरच्या खोक्याला हिरवा दिवा लागला. खोक्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "हिल्फे इस्ट उंटरवेग्स." मदत निघाली आहे. मला जर्मन येत नाही, पण हे वाक्य येतं. आमच्या घरी तसंच खोकं आहे आणि त्याची चाचणी माझ्यावरच झाली होती.

मी तिच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि शेजारी फरशीवर बसले. बटण दाबलं की थोड्याच वेळात खोक्यातून खरा माणूस बोलतो. काय झालं विचारतो. उत्तर आलं नाही तर गाडी पाठवतो. आमच्याकडे दर वेळी तसंच झालं होतं. म्हणून मी वाट बघितली.

खोकं वाजलं, टिंग. मला वाटलं, आला माणूस. पण पडद्यावर गुलाबांचा फोटो आला. मे महिन्यातला मातृदिनाचा रविवार होता. तिची मुलगी येनाला असते, तिने पाठवला असणार. पुन्हा टिंग. सायकलवरचा नातू. खालच्या बाईने पुन्हा बटण दाबलं. हिरवा दिवा, गोड आवाज, मदत निघाली आहे. टिंग. केकचा फोटो, वर मेणबत्ती.

मी खिडकीशी गेले. रविवार दुपारचा इथला रस्ता, कुत्रंसुद्धा नाही. जिन्यात जाऊन हाका मारल्या. मराठीतच मारल्या, दुसरं काय येतं मला. ऊन पडलं होतं, सगळी बिल्डिंग बाहेर गेलेली. परत आले तर तिला कपड्यातच लघवी झाली होती. ती रडली नाही. तिने फक्त डोळे दुसरीकडे फिरवले.

तेव्हा मला वाटलं की काहीतरी चुकतंय. तिचा टेलिफोन होता, पण सुनेचा नंबर मला पाठ नाही. तो माझ्या फोनात, आणि फोन वर, तिसऱ्या मजल्यावर. इथे लिफ्ट नाही आणि माझे गुडघे कामातून गेलेले. कठड्याला धरून वर गेले आणि सुनेला फोन लावला. ती आणि माझा मुलगा सायकली घेऊन तळ्यावर गेले होते.

"हां, अहो आई, बोला. आत्ताच पोचलो."

"खालची बाई पडली. तोंड वाकडं झालंय. बटण दाबलंय, पण कोणी येत नाही."

"दिवा कोणता लागलाय?"

"हिरवा. मदत निघाली म्हणतंय."

"माणूस बोलला का? खरा माणूस?"

"नाही. फोटो येतायत."

 मग तिच्या तोंडून एक शिवी आली. आमच्या सुनेच्या तोंडून तोवर मी शिवी ऐकली नव्हती.

"आई, त्या खोक्याची वाट बघू नका. कोणी निघालेलं नाही. मी एकशे बाराला फोन करते. तुम्ही खाली जा आणि बिल्डिंगचं दार उघडं ठेवा."

कोणी निघालेलं नाही हे तिला तळ्याकाठी उभं राहून कसं कळलं, ते सांगायला हवं. तिला ते आधीपासून माहीत होतं.

मी चौथी शिकले. सांगलीकडे आमची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर ती विकली आणि मुलाने मला इकडे ब्राउनश्वाइगला आणलं. मुलगा रोज वोल्फ्सबुर्गला जातो, मोटारींच्या कामावर. सून इथेच एका लहान कंपनीत आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते हे खोकं आणि गळ्यातलं बटण बनवतात. म्हणजे खोकं दुसरं कोणी बनवतं, त्याच्या आतला प्रोग्राम हे लोक लिहितात. सून तिथे आर्किटेक्ट आहे. प्रोग्रामचा कुठला भाग कुठल्या भागाशी बोलेल आणि एक भाग पडला तर बाकीचे कसे चालू राहतील, ते ठरवायचं तिने. हे तिने मला सांगितलं तसंच लिहिलंय, मला त्यातलं फार कळतं असं नाही.

आठवड्यातून दोन दिवस ती घरून काम करते. रोज सकाळी त्यांची सभा होते, तिला उभ्याची सभा म्हणतात, लवकर संपावी म्हणून सगळ्यांनी उभं राहून बोलायचं. आमची सून बसूनच बोलायची. मी एकदा म्हटलं, "अगं, उभी राहा की, साहेब रागावेल." तर म्हणाली, "कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही आई, सगळेच बसलेले असतात." काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. तिसऱ्या प्रश्नाला सून रोज तेच सांगायची. शब्द परके होते, पण रोज तेच आहे एवढं दाराबाहेर भाजी निवडताना मला कळायचं.

त्यांची रीत अशी की दर दोन आठवड्यांनी काहीतरी नवं करून दाखवायचं. त्या दोन आठवड्यांना स्प्रिंट म्हणतात. बघायला गिऱ्हाईक येतं. गिऱ्हाईक म्हणजे म्हाताऱ्यांची सेवा करणारी एक संस्था. नवं काय करायचं, आधी काय आणि मागाहून काय, ते ठरवणारा माणूस पुण्याचा आहे, कोथरूडचा. चाळिशीचा, एकटा राहतो, म्हणून शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा. मला काकू म्हणायचा. चांगला माणूस. ताट स्वतः धुवायचा.

हे सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. सुरुवातीला तिथे सुनेचंच चालायचं. पहिले कितीतरी महिने तिने नुसती आखणी केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागद, त्यावर चौकोन आणि बाण. शंभर म्हातारे असोत की लाख, कोलमडणार नाही, अशी व्यवस्था. गिऱ्हाईक बघायला आलं. संस्थेची मुख्य बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "छान. पण बटण कुठे आहे?" बटण नव्हतंच. गिऱ्हाईक उठून जायला निघालं होतं.

त्या आठवड्यात सुनेने आणि तिच्या माणसांनी घाईघाईने एक चालतं काहीतरी उभं केलं. बटण दाबलं की निरोप एका रांगेत जाऊन उभा राहतो, आणि रांगेतून पुढे सरकत मदत केंद्रावर पोचतो. सगळ्या निरोपांना मिळून एकच रांग. तेव्हा निरोप एकच प्रकारचा होता, म्हणून रांगही एक. ती रांग सुनेनेच बांधली. सध्यापुरती म्हणून बांधली. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या.

मग दर दोन आठवड्यांनी काहीतरी नवं येत गेलं. गोळी घ्यायची आठवण. हवामान. डॉक्टरची तारीख. नवं काही आलं की ते त्याच रांगेत उभं राहायचं, कारण रांग तयार होती आणि वेळ नसायचा. मग चाचणीत असं दिसलं की म्हातारी माणसं घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबतात, माणूस बोलेपर्यंत दम निघत नाही. म्हणून तो हिरवा दिवा आणि गोड आवाज घातला. निरोप रांगेत शिरला की आवाज म्हणणार, मदत निघाली आहे. पुढे तो पोचला की नाही, ते त्या आवाजाला ठाऊक नाही. हेही गिऱ्हाइकाला फार आवडलं. एकेक गोष्ट वेगळी घेतली तर त्यात वाईट काही नव्हतं.

सुनेचं म्हणणं होतं की बटणाला वेगळा रस्ता पाहिजे. एका शनिवारी जेवताना ती आणि कोथरूडचा यांची यावरून जुंपली. मी थालीपीठं लावत होते.

ती म्हणाली, "हानोफरच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की काय करतात लोक? दोन्ही कडांना सरकतात, मधे अ‍ॅम्ब्युलन्सला वाट ठेवतात. रेटुंग्सगासे. तुंबल्यावर नाही करायची, तुंबायला लागल्याबरोबर करायची. नाही केली तर दंड आहे या देशात. आणि आपण म्हाताऱ्यांचा जीव गोळीच्या आठवणीमागे उभा करतो."

"गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला. "पण आपल्याकडे गाड्या तुंबल्यात का? आजवर एकदा तरी?"

"तुंबल्यावर सांगू का तुला?"

"तू सांगतेस ते खरं आहे गं. पण मी दर पंधरा दिवसांनी त्या बाईपुढे उभा राहतो. तिला काय दाखवू? 'बघा मॅडम, कालच्यासारखंच दिसतंय, पण आतून सुंदर आहे'?"

माझा मुलगा हसला. सून हसली नाही.

"मागच्या वेळी तुझा महाल बांधण्यात आपण बुडत होतो," तो म्हणाला. "विसरलीस? हे तुकडे तुकडे केले म्हणून आज खोकी लोकांच्या घरात आहेत. नाहीतर तुझे बाण भिंतीवर आणि म्हातारे आपापल्या घरी पडलेले."

"महाल नको म्हणतेय मी. एक रस्ता मागतेय."

"त्या कामाचं कार्ड लावलंय ना बोर्डावर."

"आहे. वर्षभर आहे. त्याचे कोपरे दुमडलेत आता."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गिरणीत बाळंतिणीचं दळण आलं तर आम्ही रांग सोडून आधी दळून द्यायचो. तसं करा."

"आई, तिथे तुम्ही होतात बघायला," सून म्हणाली. "इथे रांगेपाशी माणूस नाही. कोण बाळंतीण ते यंत्राला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायला वेळ लागतो, आणि तो वेळ हा देत नाही."

"काकू, अजून एक वाढा," कोथरूडचा म्हणाला. "तुमची सून मला उपाशी मारणार."

आता खालची बाई. ती आयुष्यभर ट्राम चालवायची. मी आल्या आल्या तिने माझ्याशी भांडण काढलं, कारण मी रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकल्या. रविवारी आवाज करायचा नाही इथे. तिने जिन्यात उभं राहून घड्याळ आणि डबा दोन्ही दाखवलं. पुढच्या रविवारी तिने मला दारातच थांबवून कॉफी दिली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायची. ती जर्मन बोलायची, मी मराठी. टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती लागायच्या. कोणता जिंकणार ते बोटाने दाखवायचं. तिचा घोडा नेहमी हरायचा आणि ती मालिकेतल्या सासूसारखी चडफडायची. ही काही जिवाभावाची मैत्रीण नव्हती. पण रविवारी मला माणूस होतं आणि तिलाही.

तिला बटण नको होतं. "ब्राउखे इश निष्ट," म्हणायची, मला गरज नाही. तिच्या मुलीने येनाहून फोनवर विनवण्या केल्या, तरी नाही. शेवटी सून स्वतः खाली गेली. मी बरोबर होते. तिने तिला सांगितलं, हे मीच बनवते, माझी सासू पण घालते, बघा. आणि माझ्या पदराखालचं बटण बाहेर काढून दाखवलं. खालच्या बाईने ते हातात घेऊन उलटं सुलटं केलं, सुनेकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ना गूट." बरं तर मग. कंपनीच्या नावावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सुनेवर ठेवला.

मातृदिनाच्या आधीचा स्प्रिंट ठरायची सभा घरूनच झाली. दार बंद होतं तरी आवाज बाहेर येत होते. त्या दोन आठवड्यांत एकच मोठं काम बसणार होतं. एक तर बटणाचा वेगळा रस्ता, नाहीतर फोटो. फोटो म्हणजे मुलांनी फोनवरून पाठवायचे आणि आईच्या खोक्यावर उमटायचे. गिऱ्हाइकाला ते मातृदिनाआधी हवं होतं. खोकी पुढे चालू ठेवायची की नाही ते संस्था त्यावर ठरवणार होती. ती नाही म्हणाली तर फोटोही नाहीत आणि बटणंही नाहीत, कोणाच्याच गळ्यात.

सून बराच वेळ भांडली.  मग हो म्हणाली, पण पुढचा पूर्ण स्प्रिंट रस्त्याला द्यायचा आणि त्यात दुसरं काहीही घ्यायचं नाही या अटीवर. कोथरूडच्याने ते सगळ्यांसमोर कबूल केलं. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"जमवलं," ती म्हणाली. "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, आई. दोन आठवड्यांत काही होत नाही."

ताटात वाढलेलं तिने तसंच ठेवलं आणि झाकून टाकलं.

फोटोचं काम शुक्रवारी दाखवलं. गिऱ्हाईक खूश झालं. सून सांगत होती की मुख्य बाईने स्वतःच्या आईला तिथूनच पहिला फोटो पाठवला आणि तिचे डोळे भरून आले. रविवारी सगळ्या मुलांनी आपापल्या आयांना फोटो पाठवले. पाठवणारच. फोटो जड असतात, निरोपासारखे चटकन सरकत नाहीत. रांग तुंबली आणि खालच्या बाईचं बटण कोणाकोणाच्या गुलाबांच्या मागे जाऊन उभं राहिलं.

सुनेच्या फोननंतर गाडी मात्र लगेच आली. आत आलेल्या डॉक्टरने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, मग मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं. केव्हापासून? मी भिंतीवरच्या घड्याळावर दाखवलं. त्याने मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा तिथेच बोट ठेवलं. तो तिच्या टीव्हीकडे बोट दाखवून बरोबरच्या मुलीला काहीतरी बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही, पण टीव्ही चालू होता, माझ्या हातापाशी टेलिफोन होता, आणि मी तिथे होते, हे त्याला दिसत होतं.

तिला घेऊन गेले. मी फडकं आणून तिची फरशी पुसायला घेतली. आणि तेव्हा खोक्यातून खरा माणूस बोलला. पुरुषाचा आवाज, काळजीचा, तिचं नाव घेऊन हाका मारत होता.

"आता कशाला आलास?" मी म्हटलं.

तो पुन्हा हाका मारायला लागला. मी फरशी पुसून पुरी केली आणि वर आले.

संध्याकाळी दोघं परत आले. सून सायकलचं हेल्मेट न काढताच टेबलाशी बसली. तिने फोटो बंद करायला लावले, एवढं मला कळलं, कारण आमच्या खोक्यावरचे फोटोही गेले. मुलाने तिच्यापुढे चहा ठेवला. ती म्हणाली, "हे आत्ता एका कळीने बंद झालं. एका कळीने." चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सभा झाली. अशा सभेचा त्यांचा एक नियम आहे. काय चुकलं ते बोलायचं, कोणाचं चुकलं ते बोलायचं नाही. ज्याने त्याने तेव्हा जे शक्य होतं ते चांगल्यात चांगलं केलं असं धरूनच बोलायला सुरुवात करायची. नाहीतर लोक चुका लपवतात, असं त्यामागचं कारण. कारण खोटं नाही. तरी मला ते पचलं नाही.

"म्हणजे कोणीच नाही का?" मी सुनेला विचारलं.

"तसं नाही आई. सगळेच."

"सगळेच म्हणजे कोणीच नाही."

"मग माझं नाव घ्या," ती ओरडली. "रांग मी बांधली. हो मी म्हणाले. तिच्या गळ्यात बटण मी घातलं. झालं समाधान?"

मला समाधान नको होतं. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि ती आतल्या खोलीत गेली. सासूने सुनेला मिठीत घेतलं वगैरे आमच्याकडे काही झालं नाही.

शनिवारी कोथरूडचा आला. जेवायला नाही, नुसताच. सोफ्याच्या कडेवर बसला.

"काकू, मी झोपलो नाहीये आठवडाभर."

"खालची बाई झोपल्येय. औषधं देऊन झोपवतात तिला."

"मी रस्ता करायला नको म्हणालो नव्हतो. मी नंतर म्हणालो होतो."

"मला माहीत आहे. मी दाराबाहेरच होते."

तो सुनेकडे वळला. "तू अडून बसली असतीस तर मी ऐकलं असतं."

"नसतं ऐकलंस," सून म्हणाली. "आणि मीही अडून बसले नाही, कारण मला पण वाटलं, चालेल. खरं सांगू? मला फोटो आवडले होते."

 मी चहा विचारला नाही. जाताना तो नेहमीसारखा 'येतो काकू' म्हणाला, पण नंतर आला नाही.

बटणाचा रस्ता त्यांनी केला. सगळी कामं थांबवून केला आणि एका स्प्रिंटच्या आतच झाला. सुनेला सगळ्यात जास्त तेच लागलं. मोठं काम आहे, बसत नाही, पुढे बघू, असं ज्याचं वर्षभर चाललं होतं ते दोन आठवड्यांत झालं आणि थोडा वेळ उरलासुद्धा. हिरव्या दिव्याचंही बदललं. आता मदत केंद्रावरच्या माणसाने निरोप उचलल्याशिवाय दिवा हिरवा होत नाही, तोवर पिवळा राहतो, आणि गोड आवाज काढून टाकला. म्हातारी माणसं पुन्हा बटण पुन्हा पुन्हा दाबतात. दाबू देत.

खालच्या बाईची मुलगी येनाहून आली, आईचे कपडे न्यायला. हॉस्पिटलातून तिला आता घरी आणता येणार नव्हतं, सेवागृहात ठेवायचं होतं. कंपनीने सुनेला बजावलं होतं की कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, वकिलाच्या खात्याचा पत्ता द्यायचा. आम्ही बाजारातून वर येत होतो आणि ती मुलगी बॅग घेऊन खाली येत होती. पहिल्या मजल्यावर गाठ पडली. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, आईसारखीच उंच आणि रुंद. तिने बॅग खाली ठेवली.

"वुस्टेन झी दास?" तिने सुनेला विचारलं. तुम्हाला हे माहीत होतं?

एवढं मला कळलं. सुनेच्या हातात कांद्यांची पिशवी होती. ती खाली न ठेवता उभी राहिली. पत्ता सांगेल असं मला वाटलं. सांगितला असता तर मी काही बोलले नसते, तिच्यावर घर आहे.

"या," सून म्हणाली. हो.

मग ती बराच वेळ जर्मनमध्ये बोलली. रडली नाही, हातवारे केले नाहीत. मुलीने मधे एकच प्रश्न विचारला, तो नंतर सुनेने मला सांगितला. माझा फोटोपण रांगेत पुढे होता का? सून म्हणाली, कोणाचे होते ते मला माहीत नाही. ते खरं होतं. तिने बघितलं नव्हतं, बघायचं नाही असं ठरवलं होतं. मुलीने बॅग उचलली आणि आमच्या अंगाला न लागता भिंतीकडून गेली.

त्या बोलण्याबद्दल सुनेला कंपनीकडून लेखी समज मिळाली. त्याला इथे आबमानुंग म्हणतात. ती तिने पाकिटात परत घालून कपाटात ठेवली. नोकरी सोडते म्हणाली, सोडली नाही. मुलाने विचारलं तर म्हणाली, "मी गेले तर पुढच्या वेळी नाही कोण म्हणणार?" संस्थेने खोकी चालू ठेवली. दर दोन आठवड्यांनी नवं काहीतरी पुन्हा सुरू झालं आहे. आता प्रत्येक स्प्रिंटमध्ये आतल्या कामाला थोडी जागा राखून ठेवतात, तसा नियम केला आहे. परवा ती सांगत होती की त्या राखलेल्या जागेत कोणीतरी वाढदिवसाचं गाणं घुसवलं, आणि तिनेही ते एकदा चालवून घेतलं.  माझ्या गळ्यात अजून तेच बटण आहे.

सेवागृह ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी आहे. मी रविवारी जाते. उजवा हात गेला, बोलणं गेलं, खाणं दुसऱ्याच्या हाताने. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने तोंड फिरवलं. दुसऱ्यांदाही फिरवलं. तिसऱ्यांदा मी खुर्ची दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही आणि तिला सांगता येत नाही. सून एकदा माझ्याबरोबर आली, दारातच उभी राहिली, आत आली नाही.

त्या दिवशी त्या रांगेत आणखी कोणी अडकलं होतं का, ते मी सुनेला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "आई, ते नका विचारू." मी पुन्हा विचारलं नाही. खालची बाई जगली.